हात फिरवून बघ

श्रोतेहो, नमस्कार.

फणसाच्या लाकडाचा पाट घडवून झाला की आमच्याकडचा जाणता सुतार तो लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. आधी तो पाट खिडकीशी नेऊन उजेडात तिरका धरतो, म्हणजे रंध्याने मागे सोडलेल्या बारीक उंचवट्यांची सावली पडते आणि ते डोळ्यांना दिसू लागतात. मग मान दुसरीकडे वळवून बोटांची टोके पाटावरून हलकेच फिरवतो आणि नजरेने निर्दोष ठरवलेल्या एखाद्या जागीच नेमका थबकतो. ‘हात फिरवून बघ’ असे आपण सहज म्हणतो. त्यातला ‘फिरवून’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

डेव्हिड कात्झ या मानसशास्त्रज्ञाने १९२५ मध्येच दाखवून दिले होते की पृष्ठभागाचा बारीक पोत बोटाला कळतो तो मुख्यतः बोट सरकताना त्वचेत उठणाऱ्या कंपनांमुळे. नुसते टेकवलेले बोट तिथे जवळजवळ मुके असते. जांभ्या चिऱ्याची भोके मात्र इतकी ढोबळ असतात की तळवा टेकला तरी कळतात, आणि डोळ्यांना तर ती अंगणातूनच दिसतात.

पण डोळा एक सांगू लागला आणि बोट दुसरे, तर? लेडरमन आणि अ‍ॅबट या संशोधकांनी १९८१ मध्ये लोकांना एक पॉलिश पेपर दाखवला आणि त्यांच्या नकळत दुसराच चाचपायला दिला; लोकांनी सांगितलेला खरखरीतपणा दोहोंच्या मधला निघाला. पुढे २००२ मध्ये एर्न्स्ट आणि बँक्स यांनी उंचवट्याची उंची ओळखायला लावून पाहिले, तेव्हा दिसणारे चित्र जितके अस्पष्ट केले तितका मेंदूने स्पर्शावर अधिक भरवसा ठेवला. म्हणजे डोळा किंवा हात कायमचा वरचढ नसतो. ज्याची साक्ष त्या घडीला स्वच्छ, त्याचे वजन जास्त.

पावसाळ्यात विहिरीच्या जांभ्या पायऱ्या काळसर, चकचकीत दिसतात. ती चकाकी नुसत्या पाण्याची की शेवाळाची, हे नजरेला ठरवता येत नाही. माझी आजी कमरेवर कळशी घेऊन उतरताना पायाचा अंगठा पायरीवर किंचित घासून पाही आणि मगच भार टाकी. नजर तोवर पुढच्या पायरीवर गेलेली असे.