लादीखालचं पाणी कुठे जातं?

मंडळी, बाथरूम गळायला लागलं की पहिला आळ लाद्यांवर येतो. मग सांध्यांत पांढरं सिमेंट भरा, इपॉक्सी भरा, असं सुरू होतं आणि काही दिवसांनी खालच्या घरच्या छताला पुन्हा ओल दिसते. लादी आणि तिचे सांधे म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही. सांध्यांतून थोडं पाणी मुरणारच, हे गृहीत धरून काम करायचं असतं. मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट आहे का, एवढंच बघायचं.

अमेरिकेत शॉवरच्या लादीखाली साधारण 1 मिलिमीटर जाडीचं पीव्हीसीचं लायनर, म्हणजे पाणी अडवणारा पत्रा, अंथरतात. त्या लायनरपेक्षा त्याच्या खाली काय करतात ते बघण्यासारखं आहे. लायनर टाकण्याआधीच सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा उतार काढतात, फुटाला पाव इंच. मधल्या ड्रेनला लायनरच्या पातळीवर बारीक भोकं असतात. मुरलेलं पाणी लायनरवरून घरंगळत त्या भोकांतून निघून जातं. भोकांत मसाला बसू नये म्हणून भोवती बारीक खडी ठेवतात. लायनर सपाट जमिनीवर टाकलं किंवा भोकं बुजली, की लादीखाली डबकं तयार होतं. कोपऱ्यात लायनर कापत नाहीत, घडी घालतात.

आपल्याकडे हे पाणी धरणारं भांडं म्हणजे सनकन स्लॅब, बाथरूमपुरता खाली घेतलेला, बहुधा 8 ते 12 इंच खोल. गंमत अशी, की आपण वरच्या लादीला उतार देतो, नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे), आणि तळ मात्र सपाट ठेवतो. वर डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, भरून टाकतो. डेब्रिज स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी मग पाइपाच्या भोवतालची फट शोधतं.

म्हणून आधी पाइप. भिंतीतल्या नळाच्या लाइनला हातपंपाने दाब देऊन काटा उतरत नाही ना, हे बघून घ्या. पाणी अडवणारं कोटिंग झाल्यावर प्लंबरने झिरी पाडायला छिन्नी लावली, तर केलेलं काम वाया गेलं म्हणून समजा. भिंतीतून किंवा स्लॅबमधून जिथे पाइप बाहेर पडतो, तिथे विटांचे तुकडे आणि साधा मसाला कोंबून भागत नाही. साधा मसाला वाळताना आकसतो आणि गुळगुळीत पीव्हीसीला धरत नाही. पाइप सँडपेपरने खरवडा आणि भोकात नॉन-श्रिंक, म्हणजे न आकसणारं, ग्राऊट भरा. दहापैकी बहुतेक गळत्या इथे सुरू होतात, असं मी बिनधास्त म्हणेन.

आता तळ. मसाल्याने एका कोपऱ्याकडे उतार काढा, मीटरला निदान 10 मिलिमीटर. त्या सखल जागी 40 मिलिमीटरचा स्पाऊट, म्हणजे पाणी बाहेर सोडणारा छोटा पाइप, बसवून तो डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत) उघडा सोडा. मैलापाण्याच्या लाइनला थेट जोडू नका, वास येतो आणि तुंबलं की पाणी उलटं आत येतं. भिंत आणि तळ यांच्या सांध्यात 2 इंचांचा वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, मारा. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग चिरतं.

कोटिंगचा हिशेब करू. 5 बाय 7 फुटांचं बाथरूम, 1 फूट सनकन. तळ 35 चौरस फूट. भिंतींची धाव 24 फूट; सनकनचा 1 फूट आणि तयार लादीच्या वर आणखी 1 फूट धरला, की 48. शॉवरच्या दोन भिंतींवर 3 फूट रुंदीत आणखी 5 फूट वर चढवलं, तर 30. एकूण 113 चौरस फूट, म्हणजे साडेदहा चौरस मीटर. दोन हातांना मिळून चौरस मीटरला दीड ते 2 किलो पॉलिमर-सिमेंट कोटिंग लागतं, तेव्हा 20 किलो आणा. त्याच्या निम्म्यात काम उरकणारा गवंडी बहुधा त्यात पाणी घालतोय. पाणी अजिबात घालायचं नाही. द्रवात पावडर हळूहळू घोटायची. पृष्ठभाग ओला करून वरचं साचलेलं पाणी पुसून घ्या, कारण कोरडा स्लॅब कोटिंगमधलं पाणी शोषतो. वाट्यावर आणि पाइपाभोवती पहिल्या हातातच फायबरची जाळी दाबा. चार-सहा तासांनी दुसरा हात, पहिल्याच्या आडव्या दिशेने. दाराकडे विसरू नका: उंबरठ्याच्या पट्टीखालीही कोटिंग चढलं पाहिजे, नाहीतर बेडरूमची भिंत फुगते.

डब्यावर सांगितलेला वेळ वाळू दिल्यावर स्पाऊट बंद करून पाणी साठवा, 48 तास. भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि बाजूला तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी भरलेली बादली ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरलं, तर वाफ झाली. सनकनमध्ये जास्त उतरलं, तर गळतंय. खालच्या घरात जाऊन छतही बघून या.

मग कोटिंगवर 20 मिलिमीटर मसाल्याचा थर, म्हणजे वर काम करणाऱ्यांच्या घमेल्या-फावड्याने ते सोलणार नाही. स्पाऊटच्या तोंडाशी जाळी आणि खडी. भरणी विटांच्या कोब्याची: विटा आधी पाण्यात भिजवलेल्या, मधल्या फटी मसाल्याने भरलेल्या. त्यावर लादीचा उतार, नहाणीकडे. कोबा झाल्यावर पुन्हा एकदा पाणी साठवा. ही दुसरी चाचणी बहुतेक जण घाईत टाळतात. कोबा करताना कोटिंगला कुठे टोचलं असेल, तर ते तेव्हाच कळतं, लाद्या बसायच्या आधी. आणि पुढे कधी डक्टमधल्या स्पाऊटातून थेंब पडताना दिसले, तर घाबरून तो बुजवू नका. सांधे तपासा, नळाच्या लाइनचा दाब बघा.