धाव चढवायचा दिवस

ही दिसायला साधी शाळेची वही, पण आत अख्खं लोहाराचं दुकान आहे. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडच्या लोककथा आयोगाने २६ काउंट्यांमधल्या जवळपास ५,००० प्राथमिक शाळांना सांगितलं, की पोरांनी घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि लिहून आणायचं. जवळपास ५०,००० पोरं कामाला लागली! विषयांच्या यादीत जुने हातधंदे होते, आणि गावचा लोहार तर वेगळा विषयच.

कारण त्याच्यावाचून गावाचं पान हलायचं नाही. घोड्याचे नाल, नांगराचे फाळ, दाराच्या कड्या, सगळं तिथेच. तापलेलं लोखंड ज्या कुंडात विझवायचे त्या पाण्याने चामखीळ जाते असं लोक मानायचे, पोरांनी तेही लिहून ठेवलंय.

पण खरी गंमत गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे घेराभोवतीची लोखंडी कडी, चढवायची. चाक सुताराचं, मधोमधचा तुंबा एल्म लाकडाचा, आरे ओकचे, बाहेरचा घेर चिवट ॲश लाकडाचा. लोहार माप घेऊन लोखंडी धाव मुद्दाम जराशी लहान करायचा. मग ती दुकानाबाहेर आडवी ठेवून भोवती टर्फ रचायचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं जळण, आणि पेटवून द्यायचं. इकडे चाक एका सपाट गोल दगडावर, मधलं भोक तुंब्यासाठी. धाव तापून फुगली की दोघं-तिघं चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचे, लाकूड लगेच पेट घ्यायचं, धूर, आरडाओरडा आणि लगोलग बादल्याच्या बादल्या पाणी. लोखंड आकसताना आरे करकरत आत दाबले जायचे, सांधा न सांधा आवळला जायचा. जरा उशीर झाला की सुताराच्या मेहनतीचा कोळसा.

बाकी बरंच काम घरोघरी चालायचं. विलोच्या फोकांच्या टोपल्या विणून गाढवाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या, टर्फ आणायला. आणि लोकर तपकिरी रंगवायला खडकावरचं जे खरवडून आणायचे ना, ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं!

पुढे ट्रॅक्टर आले, रबरी टायर आले, भट्ट्या विझल्या. वह्या मात्र डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्यात, आयोगाच्या या सगळ्या संग्रहाची २०१७ मध्ये युनेस्कोनेही नोंद घेतली, आणि पानं स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत. गावाचं नाव टाकलं की लोहार कोण, दुकान रस्त्याच्या कुठल्या वळणावर, सगळं त्या पोरांच्या अक्षरात वाचता येतं. काही ठिकाणी त्या वळणावर तो गोल दगड अजून आहे, मधल्या भोकासकट.