रायपूरचे सोमवार

नमस्कार श्रोतेहो.

आज सोमवारांची गोष्ट सांगणार आहे. श्रावणी सोमवार नव्हेत, रायपूरचे, ऐन उन्हाळ्यातले. साल २००९. मार्चपासून दर सोमवारी छत्तीसगडच्या या राजधानीत देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं यायची आणि मुकाट्याने स्वतःला अटक करवून घ्यायची. मागणी एकच, तुरुंगात ठेवलेल्या एका बालरोगतज्ज्ञाला सोडा. पुढच्या सोमवारी नवी माणसं.

त्या डॉक्टरांचं नाव बिनायक सेन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे एम. डी. शहरात दवाखाना थाटला असता तर बाहेर चपलांचा ढीग पडला असता. पण १९८१ च्या सुमारास ते गेले दल्ली राजहराला. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं हे खाणींचं गाव. तिथे शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली खाण कामगारांची संघटना होती. १९७७ साली पोलीस गोळीबारात अकरा कामगार गेले होते. त्यांच्या आठवणीसाठी कामगारांनी पुतळा बसवला नाही, दवाखाना उभा केला. शहीद अस्पताल. आपल्याच वर्गणीतून आणि आपल्याच श्रमांतून. त्या उभारणीत सेन होते. पुढे धमतरी जिल्ह्यातल्या आदिवासी भागात ते रुग्ण तपासत राहिले. मलेरिया, क्षयरोग आणि या दोन्हींच्या मुळाशी असलेली भूक. भुकेवर लिहायला कुठलं औषध आहे? या प्रश्नानेच बहुधा ते दवाखान्याबाहेर पडून नागरी हक्कांच्या कामात, पीयूसीएल या संघटनेत, आले.

२००५ साली बस्तरमध्ये सलवा जुडूम सुरू झालं. माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करायचं, असा तो प्रकार. गावंच्या गावं उठवून छावण्यांत नेली गेली. पीयूसीएलने तिथे जाऊन चौकशी केली, अहवाल काढले, आणि सेन तेव्हा संघटनेचे राज्याचे सरचिटणीस होते. १४ मे २००७ रोजी बिलासपूरला त्यांना अटक झाली. हाही सोमवारच.

आरोप काय? रायपूरच्या तुरुंगात नारायण सान्याल नावाचे वयस्क माओवादी नेते होते. त्यांची पत्रं सेन यांनी बाहेर पोहोचवली, असं पोलिसांचं म्हणणं. सेन त्यांना ३३ वेळा भेटले होते, हे खरं. पण कसे भेटले? रीतसर अर्ज करून, तुरुंग प्रशासनाच्या परवानगीने आणि कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली. सान्याल यांच्या उपचारांचा प्रश्न होता. ज्यांनी तुरुंगातली मुलाखत पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे घरून नेलेली केळीसुद्धा तपासून आत जातात.

आता थोडं माझं. मी त्या वेळी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. आम्ही काही जणी संध्याकाळी डॉक्टर मंडळींच्या सह्या गोळा करत फिरायचो. मोहीम म्हटलं की लोकांना मोर्चे, घोषणा, मशाली दिसतात. आमच्या मोहिमेत बहुतेक वेळ दवाखान्याच्या बाकावर बसून राहण्यात गेला. शेवटचा पेशंट गेला की आत बोलावणं यायचं. कुणी चहा पाजून नकार द्यायचं, कुणी "सरकारी नोकरी आहे हो, सर्व्हिस रूल आडवे येतात" म्हणायचं. ते खरंच असायचं, त्यामुळे रागही येत नसे.

एका ज्येष्ठ सर्जनसाहेबांनी मात्र कागद नीट वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, हा माणूस निर्दोष आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

मी गडबडले. ठाऊक कुठून असणार? मी काही पोलिसांचे कागद पाहिले नव्हते. "नाही ठाऊक, सर," म्हटलं. "मग सही कशाची मागताय?" मला काही सुचलं नाही. कागद तिथेच ठेवून मी बाहेर पडले. लॅबमध्ये परतताना जिन्यावर उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे उशिरा. ठाऊक नाही म्हणूनच तर! खटला चालवा, पुरावा तपासा, पण तोवर माणसाला आत कुजवू नका. आम्ही दयेची भीक मागत नव्हतो आणि निकालही मागत नव्हतो. जामीन मागत होतो.

तो मिळत नव्हता. उच्च न्यायालयाने नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने नाकारला तो दिवस होता १० डिसेंबर २००७, म्हणजे जागतिक मानवाधिकार दिन. पंचांग पाहून घ्या, वार सोमवारच निघतो. २००८ च्या मे महिन्यात २२ नोबेल विजेत्यांनी पत्र लिहिलं. सेन यांना आरोग्य आणि मानवाधिकारांसाठीचा जोनाथन मान पुरस्कार जाहीर झाला होता, तो स्वीकारायला तरी जाऊ द्या, अशी विनंती होती. सोडलं नाही. इकडे त्यांच्या पत्नी इलिना सेन वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात स्त्री-अभ्यास शिकवत होत्या. वर्ध्याहून नागपूर, गोंदिया, दुर्ग करत रायपूरला जाणारी ती हावड्याची लाईन आपल्या विदर्भातल्या श्रोत्यांना वेगळी सांगायला नको.

अखेर २५ मे २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. जातमुचलक्यावर. दोन वर्षं अडलेली गोष्ट काही मिनिटांत आटोपली. वार? आता मी सांगत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. खटला चालूच होता. त्यातल्या दोन गोष्टी सांगते. कोलकात्याचे व्यापारी पीयूष गुहा यांच्याकडे ती पत्रं सापडली, असा पोलिसांचा दावा. कुठे पकडलं त्यांना? खटल्यात सांगितलं, रायपूरच्या स्टेशन रोडवर. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात होतं, महिंद्रा हॉटेलात. विसंगती दाखवल्यावर उत्तर आलं, ती टायपिंगची चूक. रस्त्याचं हॉटेल करणारा टायपिस्ट मी तरी पाहिलेला नाही. दुसरी गोष्ट इलिनाताईंच्या एका ई-मेलची. त्यात 'आयएसआय' ही अक्षरं होती. सरकारी वकिलांनी पाकिस्तानच्या गुप्तहेर संस्थेकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ती दिल्लीतली इंडियन सोशल इन्स्टिट्यूट. हसू येतं ना? पण २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहाखाली सेन, सान्याल आणि गुहा या तिघांनाही जन्मठेप सुनावली, तेव्हा कुणी हसत नव्हतं.

मग पुन्हा पत्रं, पुन्हा सह्या. या वेळी नोबेल विजेते ४० झाले. १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेन यांना परत जामीन दिला. कुणाच्या घरी गांधींचं पुस्तक सापडलं म्हणून तो गांधीवादी ठरत नाही, तसंच नक्षली साहित्य सापडलं म्हणून कुणी राजद्रोही ठरत नाही, असा न्यायमूर्तींच्या बोलण्याचा आशय होता. १८ एप्रिलला ते बाहेर आले.

एक गोष्ट मला तेव्हाही बोचायची. सेन यांच्यामागे वेल्लोरचे माजी विद्यार्थी होते, जगभरचे डॉक्टर होते, इंग्रजीतून पत्रं लिहिणारे होते. पीयूष गुहांचं नाव आमच्या कागदावर कितीदा आलं? क्वचितच. आणि बस्तरचा एखादा पोरगा, ज्याच्या आईला रायपूरच्या बसचं भाडंही जड, त्याचं तर नावही कळत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. त्यांच्यासाठी सोमवार ठरवायचा कुणी?

सेन यांच्यावर ज्या कायद्यांखाली कारवाई झाली त्यांत एक होता छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा, २००५ चा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. नावाचं साम्य तुमच्या कानांनी टिपलं असेलच. मी कायद्याची जाणकार नाही. पण त्याची मराठी प्रत मिळवून, पेन्सिल हातात घेऊन वाचली आहे. तुम्हीही वाचा. फार पानं नाहीत.

हो, ते सर्जनसाहेब राहिले. आठवड्याने त्यांच्या कंपाउंडरने लॅबमध्ये एक पाकीट आणून दिलं. आत आमचाच कागद होता. सही होती, नोंदणी क्रमांक होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त जामिनापुरती'. आमच्यातली एक म्हणाली, हे खोडून टाकू या, दिल्लीला असं कसं पाठवायचं? मी खोडू दिलं नाही. तो कागद तसाच गेला.

नमस्कार.