हसवणारा आवाज पडद्यावर कुठे ठेवायचा?

(पडद्यावर : जुन्या पुस्तकांची पानं उलटली जातात. शाईतली रेखाचित्रं. मागे टाइपरायटरचा आवाज.)

मुलांच्या एखाद्या विनोदी पुस्तकावरून मालिका काढायची ठरली की सगळे आधी मुलगा शोधायला निघतात. विस्कटलेले केस, मळके गुडघे, डोळ्यांत खोडी. असा मुलगा सापडला की अर्धं काम झालं, असं वाटतं. पण ते पुस्तक नीट वाचलं तर लक्षात येतं, की आपल्याला हसवणारा तो मुलगा नसतोच. तो तर भयंकर गंभीर असतो. हसवणारी व्यक्ती वेगळीच असते. ती गोष्टीत कुठेही दिसत नाही, ती फक्त गोष्ट सांगते. आणि कॅमेरा सुरू झाला की पहिल्यांदा घराबाहेर पडते ती हीच व्यक्ती.

विल्यम ब्राउनचं उदाहरण घ्या. वय वर्षं अकरा, आणि जवळजवळ पन्नास वर्षं अकराच. रिचमल क्रॉम्प्टन या इंग्लिश लेखिकेने १९१९ मध्ये त्याची पहिली गोष्ट लिहिली, १९२२ मध्ये पहिलं पुस्तक आलं, आणि शेवटचं त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये. क्रॉम्प्टन मुलींच्या शाळेत ग्रीक आणि लॅटिन शिकवायच्या. पोलिओमुळे एक पाय निकामी झाला, नोकरी सुटली आणि त्या पूर्णवेळ लिहायला लागल्या. सुरुवातीच्या गोष्टी छापल्या गेल्या त्या मोठ्यांच्या मासिकांत. म्हणून त्यांची भाषा मुलांसाठी सोपी करून लिहिलेली नाही. लांब, भारदस्त, कडक इस्त्रीची वाक्यं आहेत ती.

पहिल्याच गोष्टीत शेजारच्या लहान मुलीला क्रीमचं पुडिंग खायचंय. विल्यम तिला शब्द देऊन बसतो. घरात मोठ्या बहिणीची पार्टी चाललेली, हा कोठीत शिरतो, जीव धोक्यात घालून पुडिंग पळवतो, आणि ते निघतं साधं भाताचं. आता यात कॅमेऱ्याला काय काय दाखवता येईल? कोठी दाखवता येईल, पुडिंग दाखवता येईल, मुलीचा पडलेला चेहरा दाखवता येईल. पण लेखिका ही चोरी एखाद्या महाकाव्यातल्या पराक्रमाच्या थाटात सांगते, तो थाट कसा दाखवणार? चिखल विल्यमचा आणि भाषा सरदार घराण्यातली, या दोहोंतल्या अंतरात सगळा विनोद आहे. भाषा काढून घेतली तर उरतो फक्त चिखल.

ब्रिटिश टीव्हीने विल्यमला पुन्हा पुन्हा आणलं. १९६२ मध्ये बीबीसीवर डेनिस वॉटरमन विल्यम झाला. १९७७ मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनची मालिका आली, १९९४ मध्ये पुन्हा बीबीसी, २०१० मध्ये पुन्हा एकदा. यातल्या १९७७ च्या मालिकेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तिच्यात व्हायलेट एलिझाबेथ बॉट ही लाडावलेली, बोबडी श्रीमंत मुलगी बॉनी लँगफर्डने केली. मनासारखं झालं नाही तर आजारी पडेपर्यंत किंचाळेन, ही या मुलीची कायमची धमकी. पुस्तकात तिचं बोबडं बोलणं अक्षरं बदलून छापलेलं असतं आणि ते जरा अडखळत वाचावं लागतं. पडद्यावर ते थेट कानात घुसतं. विल्यमच्या टोळीने जिच्यापुढे हात टेकले, तिच्यापुढे मालिकेनेही टेकले. इथे टीव्ही पुस्तकाच्या पुढे गेला, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवं.

तरी लेखिकेचा आवाज हवाच होता. मार्टिन जार्विस या अभिनेत्याने रेडिओवर आणि कॅसेटवर या गोष्टी वर्षानुवर्षं वाचल्या. ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत विल्यमचा आवाज म्हणजे जार्विस यांचाच आवाज. २०१० च्या मालिकेत निवेदनासाठी त्यांनाच बोलावलं गेलं. मुलगा नवा होता, काळ बदलून घेतला होता, पण गोष्ट सांगणारा जुनाच ठेवला. निर्मात्यांना दुखणं नेमकं कळलं होतं.

(पडद्यावर : कागदी पार्श्वभूमी. मधोमध एक खरंखुरं, केसाळ अस्वल. टोपी, डफल कोट.)

हे दुखणं सगळ्यात सुंदर रीतीने बरं केलं ते एका अस्वलाच्या मालिकेने. आणि मला वाटतं, तिच्याइतका नेमका उपाय पुढे फार थोड्यांना सुचला.

मायकेल बाँड हे बीबीसीत कॅमेरामन होते. नाताळच्या आदल्या दिवशी दुकानात उरलेलं एकुलतं एक खेळण्यातलं अस्वल त्यांनी बायकोसाठी घेतलं, आणि त्यावरून पॅडिंग्टन जन्माला आला. पहिलं पुस्तक १९५८ चं, चित्रं पेगी फोर्टनम यांची, शाईच्या भरभर ओढलेल्या रेघांची. टीव्हीवर यायला १९७६ उजाडलं. फिल्मफेअर या कंपनीत आयव्हर वूड यांनी मालिका केली, लेखन स्वतः बाँड यांचं.

वूड यांनी काय केलं ते जरा जवळून पाहू. पॅडिंग्टन खरा ठेवला. म्हणजे सांध्यांत वळणारी, केसाळ, हातात धरता येईल अशी बाहुली. बाकीचं सगळं जग मात्र कागदाचं. घर, जिना, रस्ता, त्याला सांभाळणारं ब्राउन कुटुंब (विल्यमचं नव्हे, हे वेगळे ब्राउन), सगळी रेघांत काढलेली, सपाट, कापून उभी केलेली चित्रं. बाहुलीचा हात तसूभर हलवायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायचा, पुन्हा टिपायची. एक सेकंद भरायला अशा दोन डझन चौकटी लागतात आणि प्रत्येक भाग सुमारे पाच मिनिटांचा. या मेहनतीबद्दल आदर वाटतोच, पण जास्त आदर वाटतो तो त्यामागच्या विचाराबद्दल.

कारण पॅडिंग्टनच्या गोष्टीतला विनोद असतो तो एका परक्या पाहुण्याचा. पेरूहून आलेलं अस्वल, अतिशय सभ्य, नियम पाळायला धडपडणारं, आणि म्हणूनच प्रत्येक खोलीत काहीतरी सांडणारं. कागदाच्या जगात तो एकटाच जाडजूड, एकट्यालाच सावली. त्याला वेगळं काही करावंच लागत नाही. तो नुसता दारात उभा राहिला तरी सगळं चित्र बिघडल्यासारखं दिसतं. पुस्तकातलं वाक्य जे काम करतं, ते इथे साहित्याच्या निवडीनेच होऊन गेलं.

आणि आवाज? सर मायकेल हॉर्डर्न हा एकच माणूस सगळी गोष्ट सांगतो. घर सांभाळणाऱ्या मिसेस बर्ड त्याच्याच आवाजात, शेजारचे मिस्टर करी त्याच्याच आवाजात, पॅडिंग्टनही. पुस्तक वाचून दाखवणारे आजोबा जसे पात्रापात्राला जरासा आवाज बदलतात, तेवढंच. म्हणजे पुस्तकातला निवेदक घराबाहेर पडलाच नाही, त्याला मानाने खुर्ची दिली गेली. अस्वलाचा चेहरा फारसा हलत नाही. दाढीच्या क्रीमने न्हाणीघराच्या जमिनीवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढणारा आणि टब भरून वाहायला लागल्यावर टोपीने पाणी उपसणारा हा प्राणी पुस्तकातही आपण काही चुकीचं करतोय असं मानत नाही. बाहुलीच्या स्थिर चेहऱ्याने हा निरागसपणा आपोआप सांभाळला. एखाद्या बालकलाकाराला तिथे, थोडं गंमतीशीर कर रे, असं सांगितलं गेलं असतं, आणि तिथेच खेळ संपला असता.

पाच मिनिटांची लांबीही शहाणपणाची. बाँड यांचं प्रत्येक प्रकरण एका गोंधळाचं असतं. गोंधळ सुरू होतो, वाढतो, निस्तरतो. त्याला अर्ध्या तासापर्यंत ताणलं की मध्ये भावनिक प्रसंग घुसवावे लागतात.

(पडद्यावर : १९६०च्या दशकातलं कृष्णधवल चित्रण. शाळेचा गणवेश, लांब टेबलं.)

इटलीत प्रश्न वेगळा होता. तिथल्या पुस्तकात निवेदक आणि मुलगा एकच. वांबा या टोपणनावाने लिहिणाऱ्या लुईजी बेर्तेल्ली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जानीनो स्टोप्पानीची रोजनिशी लिहिली. घरचे त्याला जान बुरास्का म्हणतात, वादळ म्हणा हवं तर. वाढदिवसाला आईने दिलेल्या वहीत हा पोरगा सगळं खरं खरं लिहितो. बहिणीच्या खणात त्याला तरुणांचे फोटो सापडतात. पाठीमागे बहिणीने एकेकाबद्दल टोमणे लिहून ठेवलेले. हा सज्जन मुलगा फोटो घेऊन गावात फिरतो आणि ज्याचा त्याला नेऊन देतो. आपण लोकांना त्यांचीच वस्तू देतोय, यात वाईट काय, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

राय या इटालियन वाहिनीने १९६४ मध्ये यावर मालिका केली. दिग्दर्शन लीना वर्टम्युलर यांचं, संगीत नीनो रोटा यांचं. आणि जानीनोच्या भूमिकेत एक मुलगी, एकोणीस वर्षांची, आधीच देशभर गाजलेली गायिका रीता पावोने! खरा नऊ वर्षांचा मुलगा आणायचा प्रयत्नच केला नाही. पडद्यावर कोण आहे ते प्रेक्षकांना ठाऊक होतं, आणि तिच्या गाण्यांनी रोजनिशीतलं ते ‘मी’ उचलून धरलं. वसतिगृहातल्या मुलांना रोज तोच भात वाढला जातो, त्याविरुद्ध ती बंड करतात आणि शेवटी टोमॅटोची लापशी मिळवतात. त्या लापशीचं गाणं आजही इटलीत लोकांच्या तोंडी आहे. वहीत मनाशी लिहिलेलं पडद्यावर मोठ्याने गाऊन सांगितलं, हा उपाय मला फार हुशारीचा वाटतो.

मोठ्या माणसाने मूल होण्याचा प्रयोग ब्रिटनमध्ये त्याआधीच झाला होता. बिली बंटर, ग्रेफ्रायर्स शाळेचा खादाड, खोटारडा विद्यार्थी. १९०८ पासून ‘द मॅग्नेट’ साप्ताहिकात चार्ल्स हॅमिल्टन यांनी फ्रँक रिचर्ड्स या नावाने त्याला लिहिलं. १९५२ मध्ये बीबीसीवर मालिका सुरू झाली तेव्हा बंटर झालेले जेराल्ड कॅम्पियन तिशीत पोचले होते, आणि १९६१ मध्ये ती संपली तेव्हा चाळिशीला. भोवतालची मुलं मात्र खरीच मुलं. सुरुवातीचे भाग थेट प्रक्षेपित व्हायचे, मुलांसाठी संध्याकाळी आणि मोठ्यांसाठी रात्री पुन्हा. ते निभावलं, कारण बंटरचा विनोद संवादात आहे. मी तो केक पाहिलासुद्धा नाही म्हणायचं आणि त्याच दमात तो शिळा होता अशी तक्रार करायची. असं वाक्य कसलेला नट रोज दोनदा नेमकं टाकू शकतो. त्याच्या जाडेपणावरचे विनोद मात्र आज बघवत नाहीत, आणि न बघवणं योग्यच आहे. बहुतेक भाग जपूनही ठेवले गेले नाहीत.

(पडद्यावर : लाकडी घर, व्हरांड्यात ठिपक्यांचा घोडा.)

हाच उपाय पिपी लाँगस्टॉकिंगच्या बाबतीत साफ फसला. स्वीडिश लेखिका आस्त्रिद लिंडग्रेन यांचं हे पुस्तक १९४५ चं. १९४९ च्या चित्रपटात पिपीचं काम पंचविशीतल्या अभिनेत्रीने केलं आणि लिंडग्रेन त्यावर नाराज राहिल्या. कारण उघड आहे. पिपी नऊ वर्षांची आहे आणि घोडा उचलते. मोठ्या बाईने तो उचलला तर ती सर्कस झाली. अंगात ताकद मोठ्यांची, वय मुलाचं आणि वर कोणी मोठं माणूस नाही, हाच तर पुस्तकातला सगळा आनंद.

पुढच्या खेपेला पटकथा त्यांनी स्वतःच लिहिली. १९६९ ची तेरा भागांची मालिका, दिग्दर्शक उले हेलबोम, पिपी झाली इंगर निल्सन, चित्रीकरणाच्या वेळी नऊ वर्षांचीच. गॉटलंड बेटावर घर मिळालं, पांढऱ्या घोड्यावर ठिपके रंगवले गेले. आणि निवेदकाचं काय? पिपीच्या पुस्तकात तो मुळातच कमी बोलतो. दोन पोलीस तिला बालगृहात न्यायला येतात, ती त्यांच्याशी छपरावर पकडापकडी खेळते, कंबरपट्ट्याला धरून फाटकाबाहेर नेऊन ठेवते आणि वर बिस्किटंही देते. हे कोरड्या चेहऱ्याने केलं की पुरे. इंगर निल्सन ते तसंच करते. ती हसते ते खेळाची मजा येते म्हणून, आपण विनोदी आहोत म्हणून नव्हे.

पण विनोद जुना होतो तो पिपीच्या पुस्तकातही झाला. दक्षिण समुद्रातल्या बेटावर राजा झालेल्या वडिलांसाठी ती जो शब्द वापरायची, तो काळ्या लोकांचा अपमान करणारा. एका प्रसंगात ती डोळे ताणून आशियाई माणसाची नक्कलही करायची. २०१४ मध्ये स्वीडिश सार्वजनिक वाहिनीने लिंडग्रेन यांच्या वारसांच्या संमतीने दोन्ही जागा बदलल्या. स्वीडनमध्ये त्यावर मोठा वाद झाला. लेखिकेचं लिखाण कापायचं का, हा प्रश्न लहान नाही, आणि लेखिका हयात नसताना तर तो अधिक जड होतो. तरी माझं मत वाहिनीच्या बाजूने आहे. त्या दोन जागी पिपी मोठ्यांच्या ताकदीला आव्हान देत नव्हती, दूरच्या लोकांना हसत होती, आणि पिपीने मुळात कधीच कमकुवताच्या विरुद्ध बाजू घेतलेली नाही. आता ती वडिलांना नुसतं राजा म्हणते. घोडा, पोलीस, छप्पर, बिस्किटं, सगळं १९६९ मध्ये होतं तिथेच आहे.