आरोपीचं वकीलपत्र

(साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेत फौजदारी वकिली करणाऱ्या एका बाईंनी दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

पत्रिकेवर आजचा विषय ‘महिला सुरक्षा आणि कायदा’ असा छापलाय. ठरला होता तो ‘बलात्काराच्या आरोपीचा बचाव’. परवा कार्यकर्त्यांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, शीर्षक जरा सौम्य केलंय, खाली देणगीदारांची नावं आहेत ना. मी म्हटलं, करा, पण बोलणार मी तेच. तेव्हा ज्यांना सुरक्षेच्या सूचना ऐकायच्या होत्या त्यांनी मागच्या दारानं गेलं तरी चालेल, मी वाईट वाटून घेणार नाही. (हशा)

असं पहिलं वकीलपत्र घेतलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे सरकवत म्हणाल्या, “तू बाई असून?” तो प्रश्न मग भाजीवालीनं विचारला, मुलाच्या शाळेत पालकसभेला विचारला गेला. एकदा तर आरोपीच्याच आईनं विचारला. तिची काळजी वेगळी होती. बाईमाणूस आहे, मनापासून भांडेल का, असं तिला वाटत होतं.

आपण माहुलीच्या इतक्या जवळ बसलोय, तर रामशास्त्र्यांचं नाव निघणारच. शाळेत आपण काय शिकलो? रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर सांगितलं, नारायणरावाच्या खुनाला देहान्त प्रायश्चित्तच. ते आपल्याला पाठ असतं, कारण शिक्षेची गोष्ट आपल्याला आवडते. त्याच गोष्टीतला दुसरा धडा मात्र आपण म्हणीत टाकून मोकळे झालो, ‘ध चा मा’. आनंदीबाईंनी तसं खरंच केलं की नाही यावर इतिहासकार भांडोत. पण ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि माणूस गेला, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. आरोपीच्या वकिलाचं निम्मं काम एवढंच असतं. कागद वाचायचे आणि ध चा मा कुठे झालाय ते शोधायचं.

बचाव म्हणजे कोर्टात उभं राहून टेबलावर हात आपटणं, असा समज सिनेमानं करून दिलाय. माझा बचाव बहुतेक वेळा रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतो. दोषारोपपत्र उघडायचं. मुद्देमालाच्या, म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंच्या, पावतीवर सील कुणाचं, कधीचं? ज्या दिवशी पाकीट पुण्याच्या प्रयोगशाळेकडे निघालं म्हणतात, त्या दिवशी मुद्देमाल रजिस्टरला नोंद आहे का? मधले दिवस ते पाकीट कुठल्या कपाटात, कुणाच्या ताब्यात होतं? घटनास्थळाचा पंचनामा उसाच्या फडात रात्री झाला असेल, तर उजेड कशाचा होता? एका पंचनाम्यात लिहिलं होतं, ‘विजेच्या खांबाच्या उजेडात’. मी आणि माझा ज्युनियर त्या फडावर गेलो. खांब होता. पण त्याला तारच नव्हती. जुनी लाईन काढून दोन वर्षं झाली होती, खांबावर वेल चढली होती. पंच साक्षीला आला तेव्हा कबूल झाला की सही पोलीस ठाण्यात केली, चहा पितापिता.

आता कुणी म्हणेल, मॅडम, खांबाच्या तारेवरून बलात्कारी सोडवता? तार नसल्यानं तो माणूस निर्दोष ठरत नाही. पण तो पंचनामा खोटा ठरतो. आणि ज्या पोलिसानं खांब खोटा लिहिला त्यानं आणखी काय लिहिलं असेल, हे कोर्टानं विचारायला हवं ना?

वकीलपत्र घेऊच नये असं म्हणणारे फक्त रस्त्यावर नसतात, आमच्या काळ्या कोटातही असतात. एखादी केस पेपरात गाजली की बार रूममध्ये ठराव येतो, याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. अशा एका बैठकीत मी बसलेली होते. ठराव एकमतानं मंजूर झाला असं इतिवृत्तात लिहिलंय. माझा हात वर नव्हता, पण मी बोललेही नाही. त्याची मला अजून लाज वाटते. सर्वोच्च न्यायालयानं 2010 साली तामिळनाडूतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं की बार असोसिएशनचे असे ठराव बेकायदा आणि शून्यवत आहेत. बार कौन्सिलच्या नियमांतही लिहिलंय की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असलं तरी वकिलानं त्याचा बचाव केला पाहिजे. घटनेचं कलम 22 अटक झालेल्याला आपल्या पसंतीचा वकील देतं. 39-अ मोफत कायदेशीर मदतीबद्दल बोलतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखलासुद्धा मागायचा नाही असं ठरवलं. आता जिल्ह्याजिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालयं झालीत, तिथं पूर्णवेळ पगारी बचावाचे वकील असतात. हे चांगलं आहे. फाईलींचे ढीग बघितले तर पुरेसं नाही.

पण नुसता वकील दिला म्हणजे झालं का? मध्य प्रदेशात खांडव्याची केस बघा. 30 जानेवारी 2013 ला नऊ वर्षांची मुलगी नाहीशी झाली, मग तिचं प्रेत सापडलं. पोरगी कुणाचीही असो, ऐकून पोटात कालवतंच. एका तरुणाला पकडलं. 19 फेब्रुवारीला कोर्टानं त्याला सरकारी खर्चानं वकील दिला आणि त्याच दिवशी दोषारोप ठेवले. त्याच दिवशी! त्या वकिलानं आरोपीशी कधी बोलावं, कागद कधी वाचावेत? साक्षीदार भराभर झाले आणि 4 मार्चला निकाल आला, दोषी. शिक्षा फाशी. पेपरांत कौतुक झालं असणार, बघा किती जलद न्याय. हायकोर्टानं फाशी कायम केली. 2019 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठानं ती रद्द केली. खटला पुन्हा चालवा म्हणाले, आणि एक दंडकही घालून दिला. जिथं फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते तिथं मदतीला दिलेला वकील किमान 10 वर्षं वकिली केलेला असावा आणि त्याला तयारीला साधारण सात दिवस तरी मिळावेत. सात दिवस! लग्नाच्या हॉलची चौकशी करायलाही आपण यापेक्षा जास्त वेळ घेतो. त्या तरुणाला पुढे पुन्हा फाशी झाली, ती पुन्हा रद्द झाली, आणि 2024 साली तो निर्दोष सुटला. या केसकडे मी शेवटी परत येणार आहे.

आपल्याकडचीही सांगते. महाराष्ट्रातली 2003 सालची केस, दरोडा, खून, बलात्कार. सहा जण पकडले, भटक्या जमातीतले. सगळ्यांना फाशी. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशी दिली. आणि 2019 च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयानं त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. काय होतं कागदात? वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सोळा वर्षं कागद तिथंच होता. आणि ते चौघे कोण, कुठे गेले, कुणी सांगावं?

आता माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द, आणि हे कडू लागेल.

तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, साल 1972. पोलीस चौकीत आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आरोपी दोन पोलीस. कायद्याच्या पुस्तकांत खटल्याला त्या मुलीचंच नाव आहे, मी इथं घेणार नाही. सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं, तिला शरीरसंबंधांची सवय आहे असं लिहिलं. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उलटवली, अंगावर जखमा नाहीत म्हणून. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांतले रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार हे मराठी, याचा मला अभिमान आहे. बलात्काराच्या कायद्यातला 1983 चा बदल त्यातून आला. पुढे 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. वर्मा समिती, 2013 चा कायदा. बाईचं पूर्वचारित्र्य काढून ‘तिची संमती असेलच’ असं सुचवणारे प्रश्न आज कायद्यानंच बंद आहेत. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे बघणारी दोन बोटांची ती घाणेरडी चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2013 ला नाकारली, 2022 ला पुन्हा बजावून सांगितलं. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, मुलाला प्रश्न थेट विचारता येत नाही, न्यायाधीशांमार्फत जातो.

हे सगळं का सांगते? कारण सुरुवातीच्या काळात मीही तसा उलटतपास घेतलाय. वीस-एकवीस वर्षांची मुलगी होती, दार बंद, इन कॅमेरा. मी विचारलं, “गावात तुझ्याबद्दल काय बोलतात?” प्रश्नाचा केसशी काही संबंध नव्हता. मोठ्या वकिलांना विचारताना ऐकला होता, म्हणून विचारला. ती उत्तर द्यायच्या आधी तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. न्यायाधीश काही बोलले नाहीत. तिनं उत्तर दिलंच नाही. माझा अशील त्या केसमध्ये सुटला, पण त्या प्रश्नामुळे नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या साक्षीत तारखा जुळल्या नाहीत म्हणून सुटला. म्हणजे त्या मुलीला मी फुकट सोललं. तेव्हापासून उलटतपासाची यादी केली की मी ती एकदा नुसती प्रश्न खोडण्यासाठी वाचते. घटनेच्या वेळी ती कुठे होती, कुणाला पहिल्यांदा सांगितलं, जबाब कुणी लिहून घेतला, वाचून दाखवला का, हे विचारायचंच, आणि नेटानं. ती कुणाशी बोलते, काय घालते, हे नाही. खरं सांगू का, चारित्र्यावर घसरणारा वकील बहुधा कागद न वाचलेला असतो.

आमच्या भागातल्या पॉक्सो केसेसचं एक वेगळंच दुखणं आहे. कायद्यात वय 18. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीसचा पोरगा पळून गेले, की मुलीच्या बापाची फिर्याद आणि पोरगा आत. तिनं शंभर वेळा सांगितलं की मी माझ्या मनानं गेले, तरी कायद्याला तिची संमती चालत नाही. त्यातून पॉक्सोचं कलम 29 आहे. मूळ गोष्टी सरकारपक्षानं सिद्ध केल्या की आरोपीनं गुन्हा केलाच असं गृहीत धरलं जातं, तसं नाही हे त्यानं दाखवायचं. मग सगळी लढाई वयावर येते. आणि वय कशावरून? शाळेच्या दाखल्यावरून.

आता इथं किती जणांची जन्मतारीख 1 जून आहे? हात वर करा. बघा! (हशा) मास्तर वाड्या-वस्त्यांवरून, ऊसतोडीच्या फडावरून पोरं गोळा करून आणायचे, पहिलीत घालायचं म्हणून वय बसवायचे, आणि तारीख टाकायचे 1 जून. त्या मास्तरांनी किती पोरी शाळेत बसवल्या याचा हिशेब नाही, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण त्या 1 जूनवर माणसाची दहा-वीस वर्षं ठरणार असतील, तर मी मुख्याध्यापकांना दाखल खारीज रजिस्टर घेऊन साक्षीला बोलावणारच. नोंद कशावरून केली? जन्माचा दाखला होता का? कुणी सांगितलं? एका केसमध्ये मुख्याध्यापक प्रामाणिक निघाले. म्हणाले, “मॅडम, आजीनं सांगितलं, पोर मोठ्या दुष्काळात झाली.” कोर्ट हसलं नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

लग्नाच्या आमिषाच्या केसेसबद्दल वेळ नाही, एवढंच सांगते की लग्न मोडणं आणि सुरुवातीपासून फसवायचंच ठरवणं यात सर्वोच्च न्यायालय फरक करतं. नव्या भारतीय न्याय संहितेत, 1 जुलै 2024 पासून, अशा फसवणुकीसाठी कलम 69 स्वतंत्र आलंय. वादाचे निकाल येत राहतील.

एक चिठ्ठी आलीय. “तुमच्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत असं झालं तर?” नाव लिहिलेलं नाही, पण अक्षर ओळखीचं वाटतंय. (हशा)

मला मुलगी नाही, मुलगा आहे, आणि तोही आरोपी होऊ शकतो हे माझ्यासारखीला विसरता येत नाही. पण प्रश्नाला बगल देत नाही. मुलगी असती तर सूडानं वेडी झाले असते. तरी माझ्यातली वकील बघत बसली असती की समोरच्याला चांगला वकील मिळालाय का. कारण आता अपील ऐकायला मुंबईला नाही, कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, ऑगस्ट 2025 पासून. कच्ची शिक्षा तिथं टिकत नाही. खांडव्याच्या त्या मुलीच्या आईबापांना 2013 च्या मार्चमध्ये सांगितलं गेलं, न्याय झाला. अकरा वर्षांनी सांगितलं गेलं, हा तो नव्हे. मग कोण? आता कुणाला विचारायचं त्यांनी? त्या वेळचे साक्षीदार विसरलेत, काही गेलेही असतील.

आणखी प्रश्न असतील तर खाली उतरल्यावर बोलू. मला जरा लवकर निघायचंय. उद्या कोर्टाच्या बोर्डावर पहिलंच काम माझं आहे आणि मुद्देमालाची पावती अजून वाचून व्हायचीय.