आजींना कुणी विचारलं का?

(दृश्य: वर्गातला फळा. खडूचा आवाज.)

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. माणूस गेलेलं असेल तर आकृतीवर फुली. दोघांचं फार घट्ट असेल तर मध्ये तीन समांतर रेघा, पटत नसेल तर नागमोडी रेघ. फॅमिली थेरपी, म्हणजे एकट्या माणसाऐवजी अख्ख्या घराला समोर बसवून करायचं समुपदेशन, शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच हा नकाशा काढायला शिकवतात. त्याला जेनोग्राम म्हणतात. आधी तो स्वतःच्याच घराचा काढायचा, निदान तीन पिढ्यांचा.

एम.ए.च्या या वर्गातली एक मुलगी बराच वेळ थांबली आहे. आजी आणि काकूच्या मध्ये कोणती रेघ ओढायची, हे तिला ठरवता येत नाही. शेवटी ती नागमोडी रेघ काढते आणि तिच्या शेजारी तीन सरळ रेघाही ओढते. मला वाटतं, तिने बरोबर काढलंय.

(दृश्य: सकाळची बाग, बाकावर बसलेले ज्येष्ठ.)

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय १० कोटी ३८ लाख होते. एका माणसाचं वय झालं की घरात प्रत्येकाची जागा हलते. पेन्शनचं पासबुक कुणाकडे, कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला, रात्री उठणार कोण, असे प्रश्न येतात. भांडण गोळ्यांच्या डबीवरून सुरू होतं आणि तीस वर्षांपूर्वीच्या वाटणीपर्यंत जाऊन पोचतं.

घरच्यांना बाजूला न ठेवता उपचारात सामील करून घेणं आपल्याकडे नवं नाही. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहू दिलं. त्याच दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन अख्खी कुटुंबं रुग्णालयात राहायला आणून त्यांचा अभ्यास करत होते. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, पण दोघांनीही घराला दाराबाहेर ठेवलं नाही.

फॅमिली थेरपीच्या सुरुवातीच्या तज्ज्ञांपैकी एक, मूळचे हंगेरीचे इवान बोसोर्मेन्यी-नॉज म्हणायचे की प्रत्येक घरात पिढ्यांमधल्या देण्याघेण्याची एक अदृश्य खतावणी असते. मराठी मुलांना हे फार समजावावं लागत नाही. आईबापांचे पांग फेडणं हा शब्द आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. अवघड भाग पुढचा आहे. एकाच्या वहीत पांग फिटलेले असतात आणि दुसऱ्याच्या वहीत बाकी निघते, तेव्हा काय करायचं?

आणि अमेरिकेतल्या कुटुंब-अभ्यासक पॉलीन बॉस. युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या घरांपासून त्यांचं काम सुरू झालं. माणूस गेला म्हणून रडता येत नाही आणि आहे म्हणून जगताही येत नाही, या अवस्थेला त्यांनी नाव दिलं: संदिग्ध वियोग. पुढे तेच त्यांना अल्झायमर झालेल्यांच्या घरांत दिसलं. आई समोर बसलेली असते, जेवते, हसतेही. पण मुलीला म्हणते, "आपण कोण?"

(दृश्य: वर्गात अर्धवर्तुळात पाच खुर्च्या.)

खऱ्या कुटुंबाची बैठक कॅमेऱ्यापुढे आणता येत नाही, आणू नयेच. म्हणून आपण पाहतोय तो सराव आहे. एक विद्यार्थिनी आजी झाली आहे. मुलगा आहे, सून आहे, आणि कॅनडातली मुलगी व्हिडिओ कॉलवर आहे, तिच्या जागी रिकाम्या खुर्चीवर मोबाइल टेकवलाय. समुपदेशक झालेला मुलगा तेवीस वर्षांचा आहे.

"ती गॅस चालू ठेवते," आजींचा मुलगा सांगतो. "तिला एकटं ठेवायचं नाही," मोबाइलमधून आवाज येतो. सून काही बोलत नाही, घड्याळ बघते. तिला शाळेतून मुलाला आणायचं असतं.

समुपदेशक नीट विचारतो. डॉक्टरांना दाखवलं का? हे आधी विचारायलाच हवं, कारण थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांनीही विसरायला होतं, आणि त्यावर उपाय असतात. मग तो शिकवलेला फिरता प्रश्न टाकतो, म्हणजे एकाला दुसऱ्याबद्दल विचारायचा. "आई विसरल्या की सगळ्यात जास्त कोण घाबरतं? आणि तेव्हा वहिनी काय करतात?" अशा प्रश्नाने माणसं तक्रार सोडून एकमेकांकडे बघू लागतात. इथेही बघतात.

तेवढ्यात बाई थांबवतात. "वीस मिनिटं झाली. आजींना कुणी काही विचारलं का?"

कुणीच विचारलेलं नाही. आजींसमोर आजींबद्दल सगळे 'ती' म्हणून बोलत होते, समुपदेशकसुद्धा. तो उठतो, आपली खुर्ची आजींच्या शेजारी नेतो, त्यांना ऐकू जाईल इतक्या जवळ. विचारतो, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

आजी झालेली मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळते. "गॅस बंद केला का, हे दिवसातून दहादा विचारतात. पण मी किती दिवसांत कुणाला चहा करून दिला नाही, ते कुणी विचारत नाही."

सून पहिल्यांदा मान वर करते.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७चा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे, समेट घडवणारा अधिकारीही नेमता येतो. ते हवंच. पण चहाची गोष्ट अर्जात लिहिता येत नाही. ती ऐकून घ्यायला कुणीतरी शिकलेलं माणूस लागतं, आणि अशी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

(दृश्य: सराव संपतो.)

भूमिकेतून बाहेर येताना प्रत्येकाने स्वतःचं नाव, वय आणि गाव मोठ्याने सांगायचं, असा इथे नियम आहे. मुलगा सांगतो, सून सांगते. आजी झालेली मुलगी नाव सांगते, मग थांबते. पदर म्हणून घेतलेली ओढणी अजून बोटाला गुंडाळलेली आहे. ती सोडवते आणि म्हणते, "वय बावीस."

शेजारच्या गटाने खुर्च्या उचलायला घेतल्या आहेत.