मुदत कोणी चुकवली?

नमस्कार. अमेरिकेतल्या निवडणुकांवर आपण बोलतो ते बहुतेक वेळा कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढ्यावरच. आज मला तिथल्या अशा मतदारांबद्दल बोलायचं आहे, ज्यांना मत देता आलं नाही किंवा ज्यांचं दिलेलं मत मोजलं गेलं नाही. त्यांना कारण एकच सांगितलं जातं, की तुम्ही मुदत चुकवली. नोंदणीची मुदत, टपाली मतपत्रिका मागवण्याची मुदत आणि ती भरून परत पोचवण्याची मुदत, अशा तीन वेगळ्या तारखा आहेत, आणि प्रत्येक राज्याचं वेळापत्रक निराळं.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, काय झालं ते आधी सांगतो. तिथल्या १,०३६ मतदारांनी टपाली मतपत्रिका रीतसर मागवली होती. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाने ती टपालात टाकलीच नाही. कार्यालयाने चूक मान्य केली आणि न्यायालयाने मतपत्रिका परत येण्याची मुदत १४ नोव्हेंबरपर्यंत वाढवून दिली. ठीक झालं. पण दोन वर्षांनी, २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीत, त्याच काउंटीत पुन्हा तीन हजारांहून जास्त मतपत्रिका उशिरा निघाल्या. मतदारांनी मागणी वेळेत केली होती, याबद्दल वाद नव्हता. खालच्या न्यायालयाने परतीची मुदत तीन दिवसांनी वाढवली. मतदानाच्या आदल्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ रोखली. मतपत्रिका उद्या संध्याकाळी सातच्या आत कार्यालयात हवी. काउंटीने जलद टपालाची सोय केली होती, हेही सांगायला हवं. पण दुसऱ्या राज्यात शिकणाऱ्या मुलीने किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाने एका दिवसात काय करायचं? उशीर कार्यालयाचा होता आणि किंमत मतदाराच्या माथी आली.

‘मुदत चुकवली’ या शब्दांत मतदार हा कर्ता आहे असं आपण गृहीत धरतो. अमेरिकी कायद्यानेही फार काळ तेच धरून ठेवलं आहे. नोंदणी करणं, ती टिकवणं, घर बदललं की पुन्हा करणं हे नागरिकाचं काम मानलं गेलं. मतदार नोंदणीचा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १८०० साली केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांत स्थलांतरितांची संख्या वाढली, तसे हे कायदे पसरले आणि कडक झाले. विसाव्या शतकात टेक्सासमध्ये तर दरवर्षी नव्याने नोंदणी करावी लागे, आणि तीही १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळातच. निवडणूक नोव्हेंबरात. म्हणजे उमेदवार कोण हे ठरण्याआधीच, नऊ महिने अगोदर, दार बंद. १९७१ मध्ये न्यायालयाने ही पद्धत रद्द केली. तोवर ज्यांची मतं गेली त्यांना आळशी म्हणायचं का?

दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, टेनेसीतला एक खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. तिथे नोंदणीसाठी राज्यात एक वर्ष आणि काउंटीत तीन महिने वास्तव्य असावं लागे. नव्याने आलेल्या कायद्याच्या एका प्राध्यापकाने त्याला आव्हान दिलं होतं. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला: यादीची छाननी करायला राज्याला तीसेक दिवस पुरेत. हा आकडा पुढे कायद्यात आला. १९९३च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्यानुसार, केंद्रीय निवडणुकांसाठी नोंदणीची मुदत मतदानाच्या ३० दिवसांहून आधीची ठेवता येत नाही.

पण एका वर्षात वारं फिरलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कचा ‘रोझारिओ विरुद्ध रॉकफेलर’ हा खटला आला. पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मत द्यायचं असेल तर आधीच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तीस दिवस अगोदर त्या पक्षात नाव नोंदवायचं, असा तिथला नियम होता. जून १९७२च्या प्रायमरीसाठी मुदत संपली ऑक्टोबर १९७१ मध्ये. पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने नियम राखला. बहुमताचं म्हणणं असं की कायद्याने या मतदारांना रोखलेलं नाही. यांनी वेळेत पावलं उचलली नाहीत, म्हणून यांची ही अवस्था झाली. उरलेल्या चौघांच्या वतीने न्यायमूर्ती पॉवेल यांनी विरोधी मत नोंदवलं. मला हा निकाल चुकीचा वाटतो, आणि जुना झाला म्हणून तो सोडून देऊ नये असंही वाटतं, कारण जबाबदारीचा प्रश्न आजही याच चालीने उडवून लावला जातो. आधी मुदत वाटेल तेवढी अगोदरची ठेवायची आणि मग ती चुकली की दोष मतदाराचा. २०१६ मध्ये एप्रिलच्या प्रायमरीसाठी न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलण्याची मुदत आधीच्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं, इवान्का आणि एरिक, यांनाही ती गाठता आली नाही आणि स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. घरात अख्खी प्रचारयंत्रणा असलेल्यांची ही गत, तर दोन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाकडून आपण काय अपेक्षा ठेवतो? २०१९ मध्ये न्यूयॉर्कने ती मुदत फेब्रुवारीच्या मध्यावर आणली.

आता नैसर्गिक संकटाचं बघा. २०१६ मध्ये फ्लोरिडात नोंदणीची शेवटची तारीख ११ ऑक्टोबर होती. त्याच्या काही दिवस आधी मॅथ्यू चक्रीवादळ आलं आणि किनाऱ्यावरच्या लोकांना घरं सोडायला सांगण्यात आलं. मुदत वाढवा अशी मागणी झाली. गव्हर्नर रिक स्कॉट यांनी नकार दिला, नोंदणी करायला सगळ्यांना भरपूर वेळ होता असं म्हणून. प्रकरण केंद्रीय न्यायाधीश मार्क वॉकर यांच्यापुढे गेलं. त्यांनी आधी एक दिवस आणि नंतर १८ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवली. त्या वाढीव दिवसांत एक लाखाहून जास्त लोकांनी नोंदणी केली. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. मुदत आठवडाभर आधी संपली असती, तर हे सगळे हिशेबात ‘बेफिकीर’ म्हणून जमा झाले असते.

चार वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२० रोजी, त्याच राज्यात शेवटच्या दिवशी नोंदणीचं संकेतस्थळ गर्दीने कोलमडलं. राज्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत वाढ दिली. ती पुरेशी नाही म्हणून लोक न्यायालयात गेले, आणि न्यायाधीश पुन्हा वॉकरच. या वेळी त्यांनी नकार दिला. निवडणूक जवळ आलेली, आणखी गोंधळ नको, या कारणासाठी. पण त्याच आदेशात त्यांनी राज्याला धारेवर धरलं: चंद्रावर पाऊल ठेवणारी माणसं या फ्लोरिडातून उडाली आणि याच राज्याला निवडणूक नीट घेता येत नाही. राज्य दोषी असं लिहिलं गेलं, तरी गेलेला हक्क परत आला नाही. त्याच महिन्यात व्हर्जिनियात शेवटच्याच दिवशी एक केबल तुटली आणि संकेतस्थळ बंद पडलं. तिथे न्यायालयाने दोन दिवस वाढवून दिले. सारखाच बिघाड, पण दोन राज्यांतल्या मतदारांच्या वाट्याला दोन वेगळे निकाल.

टपाली मतपत्रिकेत गुंता अजून वाढतो, कारण मध्ये टपाल खातं येतं. २०२० मध्ये ओहायोत मतपत्रिका मागवायची मुदत मतदानाआधीच्या शनिवारी दुपारपर्यंत होती. मंगळवारी मतदान. शनिवारी दुपारी मागणी आली, सोमवारी मतपत्रिका निघाली, तर ती घरी कधी पोचणार आणि परत कधी निघणार? कायद्यानुसार अर्ज वेळेत, आणि तरी मत जवळपास अशक्य. त्या उन्हाळ्यात टपाल खात्याने ४६ राज्यांना आणि राजधानीला पत्रं पाठवून कळवलं, की तुमच्या मुदती आणि आमचा पोचवण्याचा वेग यांचा मेळ बसत नाही. मुदत पाळूनही मत बुडतं अशी तारीख कायद्यात छापणं म्हणजे नागरिकाची फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. हेतू असो वा नसो. ओहायोने पुढे ही मुदत मतदानाच्या सात दिवस आधीवर आणली. मागवण्याची तारीख अलीकडे ओढल्याने हक्क कमी होतो अशी तक्रार झाली. मला तिथे राज्याचं म्हणणं पटतं: पाळता येण्याजोगी तारीख सांगणं हे खोट्या आशेपेक्षा बरं.

२०२०च्याच एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनमध्ये महासाथीच्या ऐन भरात निवडणूक झाली. मिलवॉकी शहरात एरवी १८०च्या आसपास मतदान केंद्रं असतात, तिथे फक्त पाच उघडली. लाखो लोकांनी टपाली मतपत्रिका मागवल्या आणि अनेकांना त्या मतदानाच्या दिवसापर्यंत मिळाल्याच नाहीत. आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की मतपत्रिकेवर ७ एप्रिलपर्यंतचा टपालाचा शिक्का हवा. पोचायला मात्र १३ तारखेपर्यंत सवलत. ज्याच्या हातात मतपत्रिकाच आलेली नाही त्याने शिक्का कशावर मारून घ्यायचा? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात हाच मुद्दा मांडला. आणि शिक्का मारणं मतदाराच्या हातात नसतं. काही पाकिटांवर तो उमटलाच नाही किंवा वाचता आला नाही. मतदानाच्या दिवसानंतर पोचलेली, तरी सवलतीमुळे मोजली गेलेली मतं सुमारे ८० हजार होती. ऑक्टोबरमध्ये मात्र तशीच सवलत न्यायालयाने नाकारली. निवडणूक तोंडावर असताना केंद्रीय न्यायालयांनी नियम बदलू नयेत, हे २००६च्या पर्सेल निकालापासूनचं तत्त्व त्यामागे आहे. तत्त्वात तथ्य आहे. पण संकटं नेमकी निवडणुकीच्या तोंडावरच येतात, आणि तेव्हा दाद मागायची जागाच उरत नाही.

मग मतदाराची काहीच जबाबदारी नाही का, असं कोणी विचारेल. आहे ना. तारीख माहीत करून घेणं, घर बदललं की कळवणं, पाकिटावर सही करणं, शेवटच्या दिवसाची वाट न बघणं. यातलं काही न करता नशिबाला बोल लावणारे लोक असतातच. पण मतदाराची जबाबदारी त्याच्या हातातल्या गोष्टींपुरतीच असू शकते. त्याने अर्ज दिला तिथे त्याची बाजू पूर्ण झाली. पुढे पाठवणारं कार्यालय आणि पोचवणारं टपाल. त्यांनाही तारीख हवी आणि ती चुकली तर परिणाम त्यांनी भोगायला हवा.

असं करता येतं, हे अमेरिकेने स्वतःच दाखवलं आहे. २००९ मध्ये केलेल्या कायद्याप्रमाणे सैनिकांना आणि परदेशी राहणाऱ्या नागरिकांना, त्यांची मागणी तोवर आलेली असेल तर, मतदानाच्या ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवणं राज्यांवर बंधनकारक आहे. ती आली नाही तर वापरायला एक पर्यायी कोरी मतपत्रिकाही कायद्यात आहे. राज्यांनी टाळाटाळ केली तेव्हा न्याय खात्याने त्यांच्यावर खटले भरले. न्यूयॉर्कची केंद्रीय प्रायमरी सप्टेंबरात होत असे. तेवढ्यात ४५ दिवसांची अट पाळणं शक्य नव्हतं, म्हणून २०१२ मध्ये न्यायालयाने ती जूनमध्ये आणायला लावली. मतदारासाठी राज्याने आपलं वेळापत्रक हलवलं.

नोंदणीच्या बाबतीतही तसंच. नॉर्थ डकोटात १९५१ पासून मतदार नोंदणीच नाही. मिनेसोटा आणि मेन यांनी १९७०च्या दशकातच मतदानाच्या दिवशी नोंदणीची सोय केली, आणि आज वीसहून जास्त राज्यांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. ऑरेगनने २०१६ पासून वाहन परवान्याच्या नोंदींवरून नावं आपोआप यादीत घ्यायला सुरुवात केली. ज्याला नको त्याने तसं कळवायचं. म्हणजे हालचाल करण्याचा भार राज्याने उचलला. ज्या राज्यांत हे झालेलं नाही, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नोंदणीचं दार ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतं, आणि उमेदवारांच्या वादफेऱ्या व प्रचाराचा खरा जोर त्याच सुमारास सुरू असतो. देशांतर्गत टपाली मतदारांसाठी तर ४५ दिवसांसारखं केंद्रीय बंधनच नाही. जॉर्जियात सैनिकांच्या आणि परदेशस्थ मतदारांच्या मतपत्रिका मतदानानंतर तीन दिवसांपर्यंत स्वीकारतात. कॉब काउंटीतल्या त्या तीन हजार लोकांसाठी खालच्या न्यायालयाने नेमके तेवढेच तीन दिवस दिले होते.